यिर्झी मेन्झेलचा 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' : शेवट पुस्तकातला खरा की सिनेमातला?

पागोळी

चेक लेखक बोहुमिल ह्राबालची छोटी कादंबरी नुकतीच वाचून संपवली आणि लगोलग तिच्यावरचा मेन्झेलचा सिनेमा पुन्हा बघितला. दोन्ही डोक्यातून जाईनात, म्हणून हा धागा. शेवटाबद्दलच बोलायचं आहे, त्यामुळे ज्यांना कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी आधी सिनेमा बघून यावं. जेमतेम दीड तासाचा आहे.

ज्यांनी बघितलेला नाही तरी वाचणारच आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध संपत आलंय, चेक प्रदेश जर्मनांच्या ताब्यात आहे. एका आडगावच्या स्टेशनवर मिलोश हर्मा नावाचा पोरगा उमेदवारी करायला लागतो. आई त्याला नवा गणवेश घालते आणि राज्याभिषेक असावा तशी टोपी डोक्यावर ठेवते. घराण्याचा इतिहास तो स्वतःच सांगतो. पणजोबा तरुणपणीच पेन्शनीत निघाले आणि जन्मभर राबणाऱ्या लोकांसमोर रम पीत बसले. आजोबा संमोहनविद्या करायचे, जर्मन रणगाडे नजरेने थांबवायला निघाले आणि रणगाड्याखाली गेले. वडील इंजिन ड्रायव्हर, तेही लवकर निवृत्त होऊन घरी पडून. अशा घरातल्या मुलाची युद्धकाळातली सगळ्यात मोठी अडचण काय, तर माशा नावाच्या कंडक्टर मुलीबरोबर पहिल्या रात्री त्याला काही जमत नाही. त्या शरमेने तो मनगटाच्या शिरा कापून घेतो. एक गवंडी त्याला वाचवतो. मग डॉक्टर सल्ला देतात की त्या वेळी दुसरा काहीतरी विचार करत जा, फुटबॉलचा वगैरे, आणि एखादी अनुभवी बाई गाठ. (डॉक्टरांचं काम मेन्झेलने स्वतः केलंय.) आणि पोरगा खरोखरच भेटेल त्याला विचारत सुटतो. स्टेशन मास्तरच्या बायकोलासुद्धा! ती बिचारी मांडीत हंस धरून त्याच्या घशात खाणं ढकलत बसलेली असते. या प्रसंगाला मी प्रत्येक वेळी खो खो हसते आणि प्रत्येक वेळी त्या बाईचा चेहरा बघून घशाशी येतं.

आता मुद्दा. 'पुस्तकाशी प्रामाणिक' असं या सिनेमाबद्दल सर्रास म्हटलं जातं. पटकथा ह्राबाल आणि मेन्झेल दोघांनी मिळून लिहिली, त्यामुळे ते म्हणणं सोपंही आहे. पण पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवले की दोन प्रचंड बदल दिसतात.

पहिला बदल क्रमाचा. पुस्तक सुरू होतं तेव्हा मिलोशने शिरा कापून झालेल्या आहेत, तो तीन महिन्यांच्या आजारपणाच्या रजेवरून परत आलाय. मनगटं कापलेली आहेत हे वाचकाला लवकर कळतं, त्यामागचं कारण मागाहून. त्यामुळे पुढच्या सगळ्या गमतीजमतींवर मरणाची सावली असतेच. मेन्झेलने सगळं सरळ ओळीत लावलं. आधी हसवलं, पोराच्या प्रेमात पाडलं, आणि मग मध्येच रक्ताने लाल झालेलं टबातलं पाणी दाखवलं. सिनेमा कृष्णधवल आहे तरी ते लालच दिसतं. हा बदल मला शंभर टक्के पटतो. सिनेमात प्रेक्षक बेसावध असायलाच हवा होता.

दुसरा बदल शेवटाचा, आणि तिथे माझं मन दुभंगलंय. सिनेमात मिलोश सिग्नलच्या खांबावर चढून दारूगोळ्याच्या गाडीवर बॉम्ब टाकतो, गाडीवरचा पहारेकरी त्याला गोळी घालतो, तो त्याच गाडीवर पडतो आणि गाडीबरोबर जातो. स्फोट होतो, वारा सुटतो, त्याची टोपी घरंगळत माशाजवळ येते. पुस्तकात तो गोळी लागून रुळाशेजारच्या बर्फात पडतो, आणि त्याच्या गोळीने जखमी झालेला जर्मन सैनिकही तिथेच पडलेला असतो. पोटात गोळी, पाय झाडतोय, आईला हाका मारतोय. मिलोशला ते ऐकवत नाही. शेवटी तोच त्याला गोळी घालून सोडवतो आणि त्या मेलेल्याचा हात हातात धरून स्वतःच्या मरणाची वाट बघतो. कादंबरीचं शेवटचं वाक्य म्हणजे ड्रेस्डेनच्या बॉम्बवर्षावातून आलेल्या जर्मन निर्वासितांना एका रेल्वेवाल्याने ऐकवलेले शब्द, जे मिलोश आता त्या बहिऱ्या कानांत बोलतो: घरीच बूड टेकून बसायचं होतंत.

हे पान मी मिटूच शकले नाही. आणि हे पान सिनेमात नाही. माझं मत असं की पुस्तकाचा शेवट मोठा आहे, पण मेन्झेलने तो टाकला हे योग्यच केलं. तुम्हाला काय वाटतं?

---

दुपारचा चहा

छान लिहिलंयस पागोळी. पण 'टाकला हे योग्यच केलं' हे अर्धवट सोडलंस. का योग्य ते सांग की.

---

शाईचा डाग

माझा अजिबात होकार नाही. तो जर्मन सैनिक काढून टाकला की उरतं काय? एक भोळा पोरगा, त्याची नुकतीच सुटलेली लैंगिक अडचण आणि दुसऱ्या दिवशी हौतात्म्य. पुस्तकात ह्राबाल शेवटच्या दोन पानांत सगळ्या देशभक्तीच्या कथांना प्रश्न विचारतो. ज्याला उडवायला निघालास तोही तुझ्याच वयाचा, त्यालाही आईच आठवते. १९६५ साली, जर्मनांविरुद्धच्या लढ्याच्या वीरकथा सरकारी पाठिंब्याने छापल्या जात असताना असं लिहायला छाती लागते. सिनेमात टोपी घरंगळते आणि आपण डोळे पुसतो. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण सोपं आहे.

आणि एक, जे या सिनेमाबद्दल कुणी बोलत नाही. शिक्क्यांचा प्रसंग. मिलोशचा वरिष्ठ सहकारी हुबिच्का रात्रपाळीत स्टेशनच्या तार-बाईच्या, झ्देनिच्काच्या, मांड्यांवर आणि ढुंगणावर स्टेशनचे रबरी शिक्के मारतो. साठ सालानंतरच्या युरोपियन सिनेमात बाईच्या अंगावरचा विनोद म्हणजे मोकळेपणा असं धरूनच चालतात. मला तो बघताना दर वेळी अवघडायला होतं.

---

पागोळी

शाईचा डाग, शिक्क्यांबद्दल आधी बोलते.

तुला अवघडायला होतं हे मी समजू शकते. कॅमेरा सावकाश फिरतो, आणि तो पुरुषाचा कॅमेरा आहे. पण त्यानंतर काय होतं ते बघ. झ्देनिच्काची आई ते शिक्के बघते आणि मुलीला घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत तक्रार करत फिरते. प्रत्येक ठिकाणी साहेब लोक गंभीर चेहऱ्याने पुरावा तपासतात. शेवटी चौकशी बसते. मुलीला विचारतात, जबरदस्ती झाली का? ती शांतपणे नाही म्हणते. मग गुन्हा कुठला लावायचा? शिक्क्यांवर जर्मन मजकूर आहे, म्हणजे राजभाषेचा अपमान झाला! अख्ख्या चौकशीत त्या मुलीच्या अंगाची कुणालाही पडलेली नाही, आणि लाजेचा लवलेश नसलेली ती एकटीच आहे. हुकूमशाहीतली कचेरी कशी चालते हे मला कुठल्याही गंभीर सिनेमाने एवढं स्वच्छ दाखवलेलं नाही.

आता 'का योग्य'. ही चौकशी चालू असतानाच दारूगोळ्याची गाडी येतेय. बॉम्ब हुबिच्काने टाकायचा होता, पण तो साहेबांपुढे उभा आहे. म्हणून मिलोश जातो. म्हणजे त्या पोराचा मृत्यू सरळ त्या शिक्क्यांमुळे होतो. आत तो झेद्निचेक नावाचा जर्मनधार्जिणा साहेब चेक लोकांना 'हसणारी जनावरं' म्हणतो, आणि बाहेर स्फोट होतो. हुबिच्का हसायला लागतो, त्याला ठाऊक नाही की पोरगा गेला. इतका वेळ आपण ज्या हसण्यात सामील होतो ते हसणं आणि तो मृत्यू एकाच क्षणात येतात. इथे बर्फातली पाच मिनिटं घातली असती तर तो क्षण मोडला असता. पुस्तकात मिलोश स्वतः सांगतोय, तो मरता मरताही बोलू शकतो. सिनेमात आपण स्टेशनवर उभे आहोत. आपल्याला फक्त वारा कळतो.

---

लूप लाइन

हा धागा बघून राहवलं नाही. मी रेल्वेत सहायक स्टेशन मास्तर होतो, बरीचशी नोकरी दौंड-मनमाड मार्गावरच्या छोट्या स्टेशनांवर गेली. हा सिनेमा मी मुलाच्या आग्रहावरून पाहिला आणि नंतर आपणहून दोनदा.

तुम्ही सगळे साहित्य-सिनेमा बोलताय, मी कामाचं बोलतो. गाडी न थांबता स्टेशनातून जाणार असेल तेव्हा ड्युटीवरच्या मास्तरने बाहेर येऊन उभं राहायचं आणि गाडी डोळ्यांनी बघायची, हा नियमच आहे. कुठे ॲक्सल तापून धूर येतोय का, दार लोंबतंय का, साखळी घासतेय का. शेवटच्या डब्यावरचा दिवा किंवा पाटी दिसली की गाडी पूर्ण गेली, मधे तुटून काही मागे राहिलं नाही. मग पुढच्या-मागच्या स्टेशनला कळवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस नुसता उभा आहे. मिलोश सिनेमाभर तेच करतो. टोपी नीट करून उभा राहतो आणि गाडी बघतो. नवखा पोरगा ज्या अभिमानाने ते करतो तो अभिमान मी ओळखतो. पहिल्या महिन्यात सगळे तसेच उभे राहतात.

नाव ज्यावरून पडलं त्या गाड्या म्हणजे जर्मन लष्कराच्या खास गाड्या. त्यांना कुठेही अडवायचं नाही, सगळ्यांना बाजूला काढून आधी त्यांना वाट द्यायची. असं झालं की आमच्या स्टेशनाचं सगळं वेळापत्रक कसं कोलमडतं ते मला विचारा. आणि सिग्नलचा खांब! आडवा हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलला शिडी असायची, दिवेवाला रोज वर चढून रॉकेलचा दिवा लावायचा. तिथून खालून जाणाऱ्या गाडीचं छप्पर दिसतं. रेल्वेबाहेरच्या लेखकाला बॉम्ब टाकायला ही जागा सुचली नसती. तो लेखक नक्की रेल्वेत होता.

दोन गाड्यांच्या मधला वेळ तर इतका खरा आहे की काय सांगू. कबुतरं, गप्पा, झोप, तारेची टिकटिक, साहेब येणार म्हणून धावपळ. स्टेशन मास्तरला बढती हवी आहे, नवा कोट शिवून ठेवलाय आणि अंगावर कबुतरांची घाण. असा एक साहेब प्रत्येक विभागात सापडेल.

---

पागोळी

काका, तुमचा तर्क अचूक आहे. ह्राबाल युद्धकाळात कोस्तोम्लाती नावाच्या छोट्या स्टेशनवर गाड्या सोडायचं काम करत होता. मूळचा कायद्याचा विद्यार्थी. १९३९ साली नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली आणि शिक्षण अर्धवट राहिलं, पदवी युद्धानंतर १९४६ला मिळाली. वकिली मात्र कधीच केली नाही. पोलादाच्या कारखान्यात राबला, प्रागमध्ये रद्दीचे गठ्ठे बांधायचं काम केलं, नाटकात पडद्यामागे काम केलं. पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा पन्नाशी जवळ आली होती.

तुमचं 'नुसता उभा आहे' वाचल्यावर पहिला अर्धा तास मला वेगळाच दिसायला लागलाय. मनापासून आभार.

---

व्लतावाकाठी

प्रागहून लिहितेय. कामानिमित्त इथे आले आणि चेक सिनेमाच्या नादी लागले.

ज्या स्टेशनवर चित्रीकरण झालं ते लोदेनित्से, बेरोउनच्या जवळ. मी मुद्दाम जाऊन आले. छोटंसं, टुमदार स्टेशन. इथल्या चेक सहकाऱ्यांना हा सिनेमा तोंडपाठ आहे, आणि त्यांच्या दृष्टीने मिलोश म्हणजे आधी व्हात्स्लाव्ह नेत्स्कार्श हा गायक. तेव्हा तो पॉप गाणी म्हणणारा तरुण होता. स्टेशनवर बॉम्ब आणून देणाऱ्या व्हिक्टोरियाचं काम करणारी नाद्या उर्बान्कोवाही गायिकाच. मेन्झेलने मुद्दाम काही भूमिका सराईत नटांना दिल्या नाहीत, त्यामुळे नेत्स्कार्शच्या चेहऱ्यावर अभिनय असा दिसतच नाही. मोठे डोळे, बाहेर आलेले कान आणि एक कायमचा प्रश्न. समोर योसेफ सोम्रसारखा मुरलेला नट हुबिच्का करतोय म्हणून तर तो आणखी कोवळा वाटतो.

जुन्या गावातला 'सोनेरी वाघ' नावाचा बिअरचा गुत्ता हा ह्राबालचा अड्डा. १९९४ साली तेव्हाचे चेक राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव्ह हावेल यांनी बिल क्लिंटनला तिथे नेलं, ह्राबालशी भेट घालून द्यायला. मी गेले तेव्हा बसायला जागा मिळाली नाही. भिंतीवर त्याचा मुखवटा आहे, तेवढा बघितला.

शाईचा डागच्या शेवटाबद्दलच्या मुद्द्याकडे वळते. ज्या साली हा सिनेमा आला, १९६६, तेव्हा मेन्झेल अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याची ही पहिलीच पूर्ण लांबीची फिल्म. अशा मुलाकडून वीरकथेची अपेक्षा होती. त्याने मधल्या दीड तासात एकही वीर दाखवला नाही. बंडखोर हुबिच्का बायकांच्या मागे, मिलोश स्वतःच्या चिंतेत. मृत्यूसुद्धा कसलं भाषण न करता होतो. मला यात पुरेसं धाडस दिसतं.

---

शाईचा डाग

व्लतावाकाठी, माहिती मस्त. पण धाडसाबद्दल माझा मुद्दा उरतोच. शत्रूला माणूस म्हणून दाखवणं हे ह्राबालने केलं आणि मेन्झेलने नाही केलं.

---

पागोळी

नाही केलं? थांब थांब. परिचारिकांची गाडी आठव. जर्मन परिचारिकांनी भरलेली गाडी स्टेशनात उभी आहे, दमलेले तरुण सैनिक त्यांच्याकडे जाताहेत. मिलोश बघतोय. त्या मुलांचे चेहरे त्याच्यापेक्षा वेगळे नाहीत. कुणी काही बोलत नाही आणि गाडी निघून जाते. बर्फातल्या हाताची जागा मेन्झेलने शेवटाला न देता इथे दिली असं मला वाटतं.

हां, पुस्तकातली एक गोष्ट मात्र सिनेमात फार पातळ झाली, आणि तिचं मला वाईट वाटतं. जनावरांच्या वाघिणी. आघाडीवरून मागे आणलेली उपाशी, तहानलेली, पाय मोडलेली, काही मेलेली गुरं. ह्राबाल त्यांच्याबद्दल लिहितो तेव्हा विनोद पूर्ण थांबतो. मिलोशच्या मनात जर्मनांविरुद्ध जे काही पेटतं ते देशामुळे कमी आणि त्या गुरांच्या डोळ्यांमुळे जास्त. सिनेमात ती गाडी येऊन जाते, पण तिचं वजन जाणवत नाही.

---

दुपारचा चहा

काल रात्री पहिल्यांदा बघितला. माझ्यासारख्या सामान्य प्रेक्षकाचं मत: फोटोग्राफर मामाचा प्रसंग! त्याच्या स्टुडिओवर पाटी 'पाच मिनिटांत तयार', मिलोशची नेमकी तिथेच फजिती, आणि सकाळी बॉम्ब पडून स्टुडिओचे तीनतेरा. मामा त्या ढिगाऱ्यात उभा राहून हसतोय. युद्धात ज्याचं सगळं गेलं तो माणूस हसतोय, आणि ते खोटं वाटत नाही. कसं केलं असेल हे?

याला ऑस्कर मिळालं होतं ना?

---

व्लतावाकाठी

हो, परभाषिक चित्रपटाचं, एप्रिल १९६८च्या सोहळ्यात. 'प्राग वसंता'चे, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतल्या थोडक्या मोकळिकीचे दिवस होते ते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. मिलोशच्या आजोबांचा रणगाड्यापुढचा प्रसंग चेक माणसाने त्यानंतर कसा बघितला असेल याचा विचार करा.

आणि लगेच परिणाम झाले. मेन्झेल-ह्राबाल जोडीचा पुढचा सिनेमा 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' १९६९ला तयार झाला आणि कपाटात गेला. भंगाराच्या कारखान्यात 'सुधारायला' पाठवलेल्या प्राध्यापक, वकील, सॅक्सोफोनवाल्या लोकांची गोष्ट. तो प्रदर्शित झाला १९९०ला, आणि बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. एकवीस वर्षांनी! मेन्झेलला काही वर्षं सिनेमा करू दिला नाही. ह्राबालची १९७०ला छापून झालेली पुस्तकं लगद्यात गेली. रद्दीचे गठ्ठे बांधलेल्या माणसाची पुस्तकं.

१९७५ला ह्राबालने सरकारला सोयीची मुलाखत दिली आणि त्याची पुस्तकं परत छापली जाऊ लागली, तीही काटछाट करून. त्यावर चिडून काही तरुणांनी त्याची पुस्तकं जाळली. माझ्या इथल्या मैत्रिणीच्या घरात आजही यावरून वाद होतो. मला त्या माणसाचा राग करता येत नाही. त्याला लिहायचं होतं.

---

लूप लाइन

व्लतावाकाठी ताई, हे ठाऊक नव्हतं. वाचून जीव हळहळला.

---

कोपऱ्यातली खुर्ची

उशिरा आले धाग्यावर. कुणी अजून 'चेकमेट'चा उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी मेन्झेलवर आणि चेक नवलाटेवर, म्हणजे साठच्या दशकातल्या त्याच्या पिढीच्या नव्या सिनेमावर, माहितीपट केलाय, २०१८चा, सात तासांहून मोठा! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेला एक भारतीय दिग्दर्शक मेन्झेलच्या शोधात प्रागला जातो आणि त्या पिढीतल्या हयात माणसांना बोलतं करतो. मेन्झेल सप्टेंबर २०२०ला गेला. त्याआधी हे काम झालं याचं मोल फार आहे.

वादात माझं मत शाईचा डागच्या बाजूने, पण कारण वेगळं. मिलोशला व्हिक्टोरियाबरोबर आदल्या रात्री 'जमतं' आणि दुसऱ्या दिवशी तो बॉम्ब घेऊन निघतो. सिनेमात हे फार पटकन जुळतं, जणू पुरुष झाला म्हणून शूर झाला. पुस्तकातला हात हे गणित मोडतो, कारण तिथे शूर झालेला पोरगा शेवटी एका मेलेल्या मुलाशेजारी पडून आहे, आणि पुरुष होण्याचा त्याला काही उपयोग नाही. सिनेमात ते गणित तसंच राहतं.

---

पागोळी

कोपऱ्यातली खुर्ची, हा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. माझं उत्तर एवढंच की सिनेमात माशा आहे. त्या दिवशी ती स्टेशनवर आलेली असते, मिलोश तिला थोडं थांब म्हणून जातो. त्याला आता तिच्याबरोबर आयुष्य हवंय. मरायला निघालेला मुलगा तो नाहीच, मरायला तो आधी निघाला होता, टबात. आता तो पाच मिनिटांचं काम उरकून परत येणार आहे. म्हणून मला ते गणित जुळलेलं वाटत नाही, उलट जुळता जुळता कापलेलं वाटतं. पण तुझा मुद्दा मनात ठेवून एकदा बघेन.

आधी पुस्तक की आधी सिनेमा असं दोघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलंय. इंग्रजी अनुवाद शंभरेक पानांचाच आहे, पण आधी सिनेमा बघा. पुस्तक आधी वाचलंत तर टबाचा प्रसंग आधीच कळलेला असेल, आणि मेन्झेलने क्रम बदलून जे कमावलंय ते तुमच्या हाती लागणार नाही. नंतर पुस्तक वाचलंत तर बर्फातली ती दोन पानं कितीही सिनेमा पाहिला असला तरी नवीच असतील.

'लार्क्स'वर वेगळा धागा काढायचा विचार आहे. व्लतावाकाठी, सुरुवात तू करशील का? आणि लूप लाइन काका, त्यात रेल्वे नाही, पण लोखंड भरपूर आहे, तुम्ही यायचंच.

---

लूप लाइन

येतो. त्याआधी पुस्तक मागवलंय.